हँडलात बसवलेली पाचर

मी मूळचा कणकवलीकडचा, वडील गिरणीत, पण मी हट्टानं रेल्वेच्या कारशेडमध्ये फिटर झालो, राहायला दहिसरच्या चाळीत, आणि शेजारच्या खोलीत सखाराम, आमच्याच वाडीतला, मोटरमन. काय सांगू तुम्हाला, स्वातंत्र्य येऊन पाच-सात वर्षं झालेली आणि विजेच्या गाड्या त्याच, गोऱ्या साहेबाच्या वेळच्या, वरून नुसता रंग.

त्या गाडीचं हँडल मोटरमननं तळव्यानं सतत दाबून धरायचं, हात सुटला की गाडी आपोआप थांबते, म्हणजे त्याला काही झालं तरी मागची माणसं जगावीत. पण आतली स्प्रिंग गेली की नवी मिळायची नाही. फोरमन म्हणायचा, आहे त्यात भागवा रे. मग आम्ही दुसरीकडची स्प्रिंग कापून बसवायचो, ती एवढी कडक की संध्याकाळी मोटरमनला भाकरी मोडवेना. म्हणून पाचर आली, लाकडाची, चार बोटांची, हँडल दाबायचं आणि फटीत ठोकून द्यायची की ते वर येतच नाही. ड्युटी बदलताना एकजण दुसऱ्याला सांगायचा, पाचर उजवीकडे ठेवलीय. फोरमनला ठाऊक होतं, सगळ्यांना ठाऊक होतं.

सखाराम म्हणाला, वसंता, माका एक बरी करून दी रे, हात भरान येता. मी दिली.

भर दुपारी रिकामी गाडी कारशेडच्या सायडिंगला, बाजूच्या रुळावर घेताना त्याच्या छातीत कळ आली, हात सुटला आणि गाडी थांबलीच नाही, सरळ रुळाच्या टोकाच्या भिंतीवर आदळली. मी धावत पोचलो तर सखाराम खाली पडलेला, एक हात छातीशी, संपलेला, आणि फोरमन पाचर काढून खिशात घालतोय. म्हणाला, तू काही बघितलं नाहीस, तुझ्या हातची आहे ही, ध्यानात ठेव.

चौकशीत लिहिलं, मोटरमनचा निष्काळजीपणा. मेलेल्या माणसाच्या माथी मारलं हरामखोरांनी. आणि मी तिथे उभा राहून म्हणालो, मला काही माहीत नाही साहेब. फोरमनचा राग येतो तो येतोच, पण त्याहून जास्त माझ्या या जिभेचा येतो.

त्याची बायको, सुमनवहिनी, अजून शेजारीच आहे. तेव्हा तिनं एकदाच विचारलं, भावजी, आमचे हे सांगत, हात सुटलो की गाडी थांबता, मगे थांबली कशी नाय? मी उठून बाहेर गेलो. आजही सणाला माझ्याकडे ताट धाडते ती.

तुम्ही लिहून घेताय, देव तुमचं भलं करो, पण माझं नाव बदलू नका. आणि छापायच्या आधी पलीकडे जाऊन तिला वाचून दाखवा. मी इथे दारात बसतो. तिनं माझ्या तोंडावर दार लावलं तर लावू दे.