दंडात गेलेलं रक्त

१९८४ सालची गोष्ट. जामुलहून दुर्गला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक बाई आणि तिचा पिळदार दंडांचा, पण पुढून केस गेलेला मुलगा बसले होते. दुर्गमधल्या पद्मनाभपूरला मुलगी पाहायला निघाले होते.

“अरुण, ते डंबेल आता सोड. सारं रक्त दंडात गेलं, डोक्याले काय उरलं?”

“आई, कसरतीनं बाल नाही जात. हे बाबांकडून आलं.”

“त्यांचं नाव कावून घेतो?”

“त्यांनी जन्मात भाजीची थैली नाही उचलली. मग त्यांचे कावून गेले?”

“टेन्शननं. प्लांटची नोकरी आहे.”

“लग्नाच्या आधी होते?”

“मले काय मालूम? मले पाहायले आले तवा भर मे महिन्यात डोक्याले मफलर गुंडाळून होते. सर्दी झाली म्हणे.”

“मग तुले कधी समजलं?”

“अंतरपाट सरकला तवा. मुंडावळ्या घसरून नाकावर आल्या होत्या.”

“म्हणजे फसवलं तुले! मी तर आज पहिलेच सांगून टाकतो.”

“काही सांगू नको. हे घे, टोपी घाल.”

“आई!”

“त्यांनी सांगितलं असतं त मी नाही म्हटलं असतं. मग तू कुठून आला असता रे?”

उतरताना त्यानं टोपी कानांपर्यंत ओढली होती.