जातो नाही, येतो

आमचा तन्मय आता ठणठणीत आहे, हे आधीच सांगतो, नाहीतर तुमचा चहा गार होईल.

अठराव्या वर्षी त्याला यॉर्कशरच्या एका रग्बी लीग क्लबने घेतलं. मला तो माझ्यासारखा डॉक्टर व्हायला हवा होता. तो निघाला त्या दिवशी मी खोलीतून बाहेरच आलो नाही. दारातून त्याचा आवाज आला, "आई, जातो मी."

"जातो म्हणू नये रे. येतो म्हणावं."

"पण मी जातोय ना? मग येतो कसं म्हणू?"

इथे इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीत वाढलेला मुलगा. त्याच्या हिशेबाने बरोबरच होतं. तो तसाच गेला.

पुढच्या वर्षी पहिल्या टीममधली त्याची पहिली मॅच होती. मी त्याला न सांगता गेलो. टॅकल करताना समोरच्याचा गुडघा त्याच्या डोक्यावर बसला आणि त्याला स्ट्रेचरवरून नेलं. मी बाप आहे म्हटल्यावर मेडिकल रूममध्ये सोडलं. क्लबची डॉक्टर म्हणाली, "तो असंबद्ध बडबडतोय. एकच शब्द, पुन्हा पुन्हा."

मी वाकून ऐकलं. डोळे मिटलेले होते आणि तो म्हणत होता, "येतो, आई. येतो."

"काय म्हणतोय?" तिने विचारलं.

"आय अ‍ॅम कमिंग."

"कुठे?"

तीस वर्षं मी इथल्या पेशंटच्या नातेवाइकांना सगळं समजावत आलोय. पण हा शब्द आम्ही निघताना म्हणतो, एवढं काही मला सांगता येईना.

"होम," मी म्हणालो.