जित्या माणसाचं नाव घासत नसतात

लिहून घ्या बाप्पा, पण एक सांगून ठेवतो, माह्यावर लोकाचा इश्वास नाई. चांदूर बाजारात कोणालेही इचारा, मोहन पेंटर कसा माणूस, त सांगतीन, माणूस चांगला पण खरं बोलला त ताप येते त्याले. आता तुमीच ठरवा.

माहा बाप रोजमजुरी करे, माय लोकाच्या घरी पापड लाटे, अन् मले शाळेत फळ्यावर सुविचार लिहाची हौस. तेवढीच इद्या. तिच्यावर मी पेंटर झालो. तेव्हा बाजारओळ अशी होती का सकाळी रिकाम्या हातानं गेलेला माणूस दुपारपावतर काही ना काही काम धरूनच घरी ये. हमाल, कल्हईवाला, पिंजारी, छत्र्या दुरुस्त करनारा, सारे त्या एका ओळीवर जगत. अन् ओळीतल्या प्रत्येक दुकानाच्या कपाळावर माह्या हातचं नाव. मी सायकलवर निघालो का वाटे, हे सारं गाव मीच लिहून काढलं.

पहिली पाटी मी लिहिली ते हबीबभाईची. हबीब टेलर्स. लाल अक्षर, काळी सावली. भाई माह्याहून पंधरा-सोळा वर्षांनं मोठा, गळ्यात टेप, कानावर खडू. मी अक्षरं दाटीनं बसवली त खाली उभा राहून म्हणे, मोहन, इतना टाइट मत कर, मेरा नाम है, बस का पॅसेंजर नहीं. हर्फ को साँस लेने दे. मी पुसलं, पुन्हा लिहिलं. अक्षराच्या मधातली मोकळी जागा बी लिहा लागते हे मले एका शिंप्यानं शिकवलं, पेंटरनं नाई. माह्या लग्नाचा कोट त्यानंच शिवला. गावातल्या अर्ध्या नवरदेवाचे कोट त्यानंच शिवले, राजेहो, अन् उरलेल्या अर्ध्याचे कोट त्यायले बसले नाईत.

मंग रेडिमेड आलं. काय सांगू तुमाले, दोन वर्षांत भाईकडे नुसते प्यांटची लांबी कमी कराचे काम राहिले. कोट शिवनारा माणूस दिवसभर लोकाच्या प्यांटचे पाय कापत बसे. अन् एका सकाळी गाळा बंद. मशीन नाई, भाई नाई, कोणाले सांगून गेला नाई. कोणी म्हणे अकोल्याले पोराकडे गेला, कोणी म्हणे भिवंडीले. सांगाची लाज वाटली असन. मलेही सांगतलं नाई, हे मले तेव्हा लागलं, अन् पुढं मी जे केलं त्यात तो राग होता का नाई, हे मी आजही सांगू शकत नाई.

आता आमच्या धंद्यातली एक रीत ध्यानात घ्या. दुकान बदललं का जुनी पाटी उतरवत नसतात, त्याच पत्र्यावर नवं नाव लिहितात. पण खालचा माणूस जिता असन त त्याचं नाव घासाचं नाई. घासनं म्हणजे त्याले मारनं. नुसता वरून रंग द्याचा. माणूस मेल्याची पक्की खबर आली, तवाच पत्रा घासाचा. माह्या उस्तादानं अंबादेवीची शपथ घालून सांगतलं होतं. अन् दुसरी गोष्ट, खाली लाल रंग असन त पांढऱ्याच्या आधी चपडा लावा लागते. चपडा म्हणजे लाख, स्पिरिटमधी इरघळवून एक हात मारला का खालचा लाल दबून राह्यते. नाई लावला त आमच्या उन्हाळ्यात पत्रा तापून तापून तो लाल पांढऱ्यातून वर फुटते. कितीही हात मारा.

गाळ्यात जनरल स्टोअर आलं. मालकाले घाई, अखितीचा, अक्षय तृतीयेचा मुहूर्त साधाचा. मी चपडा लावाले इसरलो. खरंच इसरलो, पहिल्या वेळेस. वैशाख-जेठ गेला अन् जनरल स्टोअरच्या पोटातून हबीब वर आला. आधी नुसता गुलाबी डाग, मंग वेलांटी, मंग ब. बाया रस्त्यात थांबून पाहत. मी हाटेलात चहा पीत होतो, कोणीतरी इचारलं, मोहन, हे काय होऊन राहिलं? आता सांगाचं होतं का माही चूक झाली, चपडा राहिला. पण दहा माणसं तोंडाकडे पाहून राहिले अन् मी काय म्हनावं? मी बशी खाली ठेवली, आवाज बारीक केला, म्हटलं, तुमाले मालूम नाई? भाई अकोल्याले वारला. हातात नवरदेवाचा अर्धा कोट होता. एक बाही शिवाची राहिली. बाही राहिली तवरिक तो गाळा सोडनार नाई.

अशी शांतता पसरली का चहावाल्याचा स्टो ऐकू ये. काय सांगू, त्या दिवशी मले जी गोडी लागली ते दारूचीही लागत नाई.

जनरल स्टोअरवाला सालभरात गेला. तो गेला कारण बाजार बायपासकडे सरकून राहिला होता, पण लोक म्हणे हबीबनं काढला. मंग चपलाचं दुकान आलं. नवी पाटी. या वेळेस चपडा माह्या पिशवीत होता, शिशी भरली होती, अन् मी लावला नाई. समजून-उमजून लावला नाई. पुढच्या उन्हाळ्यात भाई पुन्हा वर. माही गोष्ट बी वाढली, आता मशीनचा आवाज येऊ लागला, टिकटिक टिकटिक, तोंडानं करून दाखवे मी. चपलावाला गेला, झेरॉक्सवाला आला, तोही गेला. मंग गाळा कोणी घेईच ना. अन् मंग फ्लेक्स आला, अन् माहा ब्रश वाळला. कम्प्युटरवर नाव टाकते, दुपारी फोटोसकट पाटी तयार. मी घराले रंग मारू लागलो, मंग संडासाले. धंदा मेला, पण माहं भूत जितं राहिलं. गाळ्याले कुलूप, वर लाल नाव, अन् पोट्टे त्या पायरीवरून उडी मारून पळत.

माही पोरगी सविता. बारावी झाली अन् अमरावतीले कपड्याच्या कारखान्यात लागली. सात वर्षं तिनं नुसत्या कॉलरी शिवल्या. बाबा, म्हणे, अख्खा शर्ट मी कधी पाह्यलाच नाई. एक दिवस घरी आली, माह्यापुढे चाबी धरली. म्हणे ओळखा कोणता गाळा. मी म्हटलं बायपासवरचा. म्हणे तिकडचा आपल्याले झेपते का? बाजारओळीतला घेतला, स्वस्तात देला मालकानं, सात वर्षाची सारी शिल्लक त्यात लावली. लेडीज टेलर टाकते.

म्हटलं, वं, तो गाळा? म्हणे हो, तुमच्या भुताचा. मी नाई मानत.

ती नाई मानत, पण गिऱ्हाईक मानते न! दीड महिना पोरगी मशीनपुढे बसून राहिली. एक बाई ब्लाउजपीस देऊन गेली, संध्याकाळी येऊन वापस घेऊन गेली, म्हणे सासू म्हणते मेलेल्याच्या गाळ्यातलं अंगाले लावाचं नाई. सविता जेवताना एकदा म्हणे, कारखान्यात पुन्हा जागा देतीन का कोणास ठाऊक.

मी सरळ हाटेलात गेलो. उभा राहून सांगतलं, लोकहो, भूत गीत काही नाई, मी चपडा लावला नाई, कोट मीच बनवला, बाही मीच बनवली, मशीन मीच वाजवली. सारे पोट धरून हसले. वा रे मोहन, आज नवीनच काढली! एक जण म्हणे, पोरीसाठी बाप काय काय बोलते पाहा. चहावाल्यानं तर खूश होऊन चहा फुकट पाजला. वीस वर्षांत पहिल्या खेपेस खरं बोललो, अन् ते माही सगळ्यात मजेदार गोष्ट ठरली.

म्हटलं आता एकच. भर बाजारात शिडी लावाची अन् नाव घासून काढाचं. शिडी आणली, पालिश पेपर घेतला, वर चढलो, हात लावला अन् थांबलो. भाई मेला का जिता? वीस वर्षं मी त्याचं मरण गावभर वाटत फिरलो, अन् मलेच मालूम नाई. शिडीवरून उतरलो अन् अकोल्याची बस धरली.

अकोल्यात चार शिंप्यायले इचारलं, पाचव्यानं घर दाखवलं. दारात खाटेवर एक बुढा बसला होता, डोळे ढगाळ, हात मांडीवर. मी नुसतं सलाम भाई म्हटलं, त मान वळवून म्हणे, कौन, मोहन? आ जा. मुर्दे से मिलने आया क्या?

काय सांगू तुमाले. मी तिथंच जमिनीवर बसलो.

भाई रागावला नाई, रागावला असता त बरं झालं असतं. कपड्याचं माप सांगावं तसं सांगे. म्हणे, आठ साल पहिले मैं आया था चांदूर. नजर तब अच्छी थी. पोराकडे बसून खाणं जड जाऊन राहिलं, सोचा अपना वही गाला ले लूँ, छोटा-मोटा काम करूँ. मैं बस से उतरा त स्टॅंडवरच्या चहावाल्या बाईच्या हातची केटली पडली. आमच्या ओळीतला एक जण दिसला, मी सलाम केला, तो पाठ करून पळाला. एका बाईनं लेकराच्या डोळ्यावर हात ठेवला. मेरेकू क्या मालूम मैं मर गया करके? कंडक्टरनं सांगतलं. मैं उसी बस में बैठा, वापस आ गया.

हे ऐकल्यापासून मले एकच दिसते. दिवसाढवळ्या आपल्याच गावाच्या स्टॅंडवर एक माणूस उभा हाय, सलाम करून राहिला, अन् कोणी जवाब देत नाई. मी बनवलेलं भूत मले कधी दिसलं नाई, हे दिसते. जेवताना दिसते.

त्यानंच इचारलं, आया कायकू? मी सविताचं सांगतलं. मंग म्हणे, मशीन कौनसी है, पायडल की के मोटर की? म्हटलं मोटरची. म्हणे, चल, मैं आता. लेकिन दोपहर को ले जा, धूप में. अंधेरे में ले गया तो तेरी बेटी का दुकान और डूबेगा.

बुधवारी, बाजाराच्या दिवशी, बारा वाजता गाळ्यापुढे खुर्ची टाकली, भाईले बसवलं. पन्नास माणसं जमले, पण दहा हात दूर. शेवटी भाजीवाली शांताबाई पुढं आली, कमरेवर हात, म्हणे, ए बाबू, पाय दाखव. भुताचे उलटे असतात. भाईनं पायजमा वर केला. तिनं वाकून पाह्यलं, म्हणे, सुलटेच हायेत वं! मंग त्याच्या दंडाले असा चिमटा काढला का भाई ओरडला, या अल्ला, ये तो अब मारेगी! सारी बाजारओळ हसली. शांताबाई आत गेली, पिशवीतून ब्लाउजपीस काढून सविताच्या मशीनवर ठेवला, म्हणे, गळा लहान ठेव, म्हातारी झाली मी.

तेव्हापासून पोरीले मान वर कराले फुरसत नाई.

पण त्या दिवशी गर्दी पांगल्यावर सविता भाईपुढे बसली. चाचा, म्हणे, इथंच राहा, कटिंग तुमी करा, शिलाई मी करते. त्यानं कैची हातात घेतली, कापडावर बोटं फिरवली, आडवं-उभं बरोबर ओळखलं. मंग कैची हळूच खाली ठेवली. म्हणे, आठ साल पहिले बोलना था बेटी. अब तो कपडा और उंगली एकसाथ कटेगी. सवितानं माह्याकडे पाह्यलं.

पाटी लिहू का म्हणून मी इचारलं, त म्हणे, नको बाबा. फ्लेक्स लावला तिनं. जुन्या पत्र्याले हात लावू देला नाई, जिता माणूस हाय म्हणे. बरोबरच हाय. पोरीले बरकत येवो, तुमच्याही लेकरायले येवो.

मी आता महिन्यातून एकदा अकोल्याले जातो. भाईले पुरं दिसत नाई. म्हणते, मोहन, बाजार बता. मंग मी पहिल्या दुकानापासून सुरू करतो. कासाराकडे बाया बसल्या, दोरवाल्यानं नवा माल मांडला, रेडिओ दुरुस्तीवाला नेहमीसारखा भांडून राहिला, सोडावाल्यापुढे लाइन. यातलं एकही दुकान आता राह्यलं नाई, साहेब. कासाराच्या जागी मोबाइलचे कव्हर लटकतात, बाकी शटर. पण मी एकही बंद करत नाई. माणसं मेले, त्यायले उठवून गल्ल्यावर बसवतो. नवा रंग देतो साऱ्याच्या पाट्याले.

मागच्या खेपेले भाई ऐकत ऐकत मधातच म्हणे, क्यूँ रे, इतना बाजार भरा है, तो तू बुधवार के दिन इधर क्या कर रहा? तेरेकू काम नहीं?

मी त्याच्या खाटेची सैल दोरी ओढून बसवली. म्हटलं, भाई, आज सुट्टी घेतली.

तो हसला. म्हणे, अच्छा. आगे की लाइन बता.