पूर्ण दिवसाची सहल, दुपारच्या जेवणासह

नाही, म्हणजे माझी अपेक्षा तरी काय होती? बगळे. नदीचा एक शांत फाटा, दोन्ही काठांना पाण्यात वाकलेल्या झावळ्या, एखादी बाई गुडघाभर पाण्यात उभी राहून जाळं झाडतेय आणि आपण होडीत गप्प बसून बघतोय... बस, एवढंच. आणि मिळालं काय? सकाळी साडेसातला सायगॉनच्या एका हॉटेलासमोर माझ्या छातीवर गोल कागद चिकटवला गेला. त्यावर हसणारा नारळ आणि खाली आकडा, अकरा. म्हणजे माझं नाव आता वी नाही, अकरा.

तुम्हाला सांगते, मी काही हौस म्हणून गेले नव्हते. मी चार वर्षं नॉर्वेत राहून हाच विषय शिकून आलेय. खेडी, पर्यटक, आणि दोघांनी एकमेकांचं वाटोळं न करता कसं भेटायचं. तिथे सहा महिने अंधार असतो, त्या अंधारात बसून मी आमच्या खोऱ्यातल्या खेड्यांसाठी बेचाळीस पानांचा आराखडा लिहिलाय. पहिलाच नियम ठळक अक्षरांत : ‘गावकऱ्यांच्या घरगुती पूजा, लग्नं, पुण्यतिथ्या यांचा पर्यटकांसमोर खेळ करू नये. आढळल्यास परवाना रद्द.’ दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तो जिल्ह्याच्या सांस्कृतिक कचेरीत द्यायचा होता, म्हणून नॉर्वेहून आणलेल्या बॅगेत घालून बरोबरच घेतला होता. साहेबांनी फोनवर सांगितलं होतं, "द्या, द्या, लगेच लागू करू." फक्त पुरावा हवा होता. म्हणून ही सहल. एक दिवस, अकरा माणसं, सगळं टिपून घ्यायचं आणि या सहलवाल्यांची दुकानं बंद करायची.

आमचा वाटाड्या हिएप. वय असेल तिशीचं, गळ्यात चौकड्यांचा पंचा, हातात काठी, काठीला पिवळं फडकं. बस सुटल्या सुटल्या माइक हातात घेऊन इंग्रजीत म्हणतो, "माझ्या प्रिय कुटुंबीयांनो." कुटुंबीय कोण, तर डेन्मार्कचं एक जोडपं, कोरियाचे काही जण, ऑस्ट्रेलियाच्या जोनबाई, वय सत्तर, कमरेला पाण्याच्या दोन बाटल्या... आणि मी. माझ्याकडे बघून हळूच आपल्या भाषेत विचारतो, "ताई, तुम्ही इथल्याच ना?"

"हो."

"मग पैसे भरून खेडं बघायला? तुमचं गावाकडे कोणी नाही?"

"मावशी आहे."

"मग मावशीकडे जायचं की. तिथे फुकट असतं."

मी म्हटलं, जाणारच आहे, चार वर्षं नॉर्वेत होते, परत येऊन दोनच आठवडे झालेत, हे काम उरकलं की जाणार आहे. तो म्हणाला, "हां, काम काय, असतंच." आणि पुढच्या बाकाकडे वळला.

पहिला थांबा मधमाश्यांचा. पोळ्याची चौकट जोनबाईंच्या हातात, त्यांचं बोट मधात, फोटो. आणि लगेच मध विकायला टेबल. दुसरा थांबा अजगराचा. अजगर म्हणजे काय, पिंजऱ्यातून काढायचा, डेन्मार्कच्या गळ्यात घालायचा, काढायचा, कोरियाच्या गळ्यात घालायचा. त्या अजगराच्या चेहऱ्यावर जो कंटाळा होता ना, तो मी फक्त सरकारी कचेरीत पाहिलाय. मी हिएपला विचारलं, हे खेड्यातलं जीवन आहे का? आमच्याकडे कोण गळ्यात अजगर घालून शेतावर जातं? त्याने खिशातून सहलीचा कागद काढला, त्यावर बोट ठेवलं. "छापलंय ताई. अजगर, पंधरा मिनिटं." मी हादरले. आणि अजून दहासुद्धा वाजले नव्हते.

मग नारळाच्या वड्या. तिथे एक बाई खोबरं किसत होती, आम्ही आत आलो की किसायची, आम्ही वळलो की थांबायची. मी मुद्दाम दोनदा वळून पाहिलं. दुसऱ्या वेळी ती मला म्हणाली, "काय गं, ठरव ना एकदा, हात दुखतात माझे." टिपून घेतलं. हादरले, पण टिपून घेतलं.

आणि मग हिएपने तो कागद उंच धरून जाहीर केलं, "कुटुंबीयांनो, आता साडेअकराला आपल्या सहलीतला सर्वांत पवित्र क्षण. आपलं नशीब बघा, आजच एका शेतकरी घरात आजोबांची पुण्यतिथी आहे. आपण त्या कुटुंबाबरोबर जेवणार आहोत."

आजच? सहलीचा कागद महिन्यापूर्वी छापलेला. हे आजोबा बसच्या वेळापत्रकाप्रमाणे वारले होते का? मी विचारलं, "काल कुठे जेवलात?" तो म्हणाला, "तिथेच." "काल कोणाची पुण्यतिथी होती?" "आजोबांची." "आणि उद्या?" तो माझ्याकडे असा बघायला लागला जणू मीच काहीतरी वेडंवाकडं बोलतेय. "ताई, छापलंय."

सापडला. नियम एकचा जिवंत पुरावा. इतका आनंद झाला मला, काय सांगू. होडीत मी वही उघडून बसले, पेन सरसावून. फाट्यातून दुसरा फाटा, दुसऱ्यातून तिसरा, झावळ्या डोक्याला लागतायत, आणि होडी एका घराच्या घाटाला लागली. लाकडी घर, पत्र्याचं छप्पर, अंगणात पाण्याचे मोठे रांजण. चांगलं होतं घर. ओळखीचं वगैरे काही वाटलं नाही. कसं वाटणार? आम्ही लहानपणी नेहमी मोटरसायकलवरून, मागच्या रस्त्याने यायचो. पाण्याकडून ते घर मी जन्मात पाहिलं नव्हतं.

आत गेले. समोर पूर्वजांचा देव्हारा, फळं, फुलं, मधोमध फोटो. फोटोतल्या माणसाचा डावा कान उजव्यापेक्षा बराच बाहेर आलेला. आमच्या घराण्यात असा कान एकाच माणसाला होता.

माझे आजोबा. माझ्या आईचे वडील, थान आजोबा. हातातून वही पडली.

आणि स्वयंपाकघरातून बाहेर कोण येतंय? साउ मावशी. आईची पाठची बहीण. अंगात तो जांभळा सदरा जो ती फक्त लग्नाला काढायची, हातात वाफाळणारं पातेलं. सहा वर्षांनी मला बघितलं तिने, नॉर्वेच्या आधी दोन वर्षंही मी इकडे फिरकले नव्हते. पातेलं हललं नाही, बाई हलली नाही. सगळ्यांना म्हणाली तेच मला म्हणाली, "या या, लांबून आलात, दमला असाल." आणि पातेलं ठेवता ठेवता माझ्या कानाशी, "आधी जेवण, मग रडारड. होडी सव्वाला सुटते."

मी हादरले म्हणजे... नाही, त्याला हादरणं म्हणत नाहीत. त्याला शब्द नाही.

तर रीत अशी की उदबत्ती पेटवायची, पूर्वजांना बोलवायचं, आणि ती जळून संपेपर्यंत पानाला हात लावायचा नाही. आधी ते जेवतात, मग आपण. हिएपने त्याच्यावरही उपाय काढलेला. आखूड उदबत्ती, बारा मिनिटांची. पण त्या दिवशी मावशीने लांबलचक काढली. हिएप घड्याळ बघतोय, तिला खुणावतोय, "मावशी, छोटी, छोटी." ती ढिम्म.

मग काय, मी सुरू झाले. सगळ्यांसमोर, आपल्या भाषेत. "मावशी, हे काय चालवलंयस? आजोबांची पुण्यतिथी रोज? लाज वाटत नाही?"

आणि तो हिएप, तुम्हाला सांगते, माझ्या शेजारी उभा राहून इंग्रजीत भाषांतर करायला लागला. "ही या घरची नात आहे, कुटुंबीयांनो. चार वर्षांनी परदेशातून येतेय. ती म्हणते, मावशी, मला रोज आजोबांची आठवण यायची."

"आजोबा काय सर्कशीतला हत्ती आहेत, रोज खेळ करायला?"

"ती म्हणते, आजोबांच्या अंगात हत्तीचं बळ होतं."

"मी तक्रार करणार आहे. उद्या सकाळी नऊला."

"ती म्हणते, उद्या सकाळपासून मी तुझी काळजी घेणार आहे."

अहो, मला दोन्ही भाषा येतात. माझंच भांडण माझ्या कानांदेखत गोड होत होतं. शेवटी मी इंग्रजीत ओरडले, "याचं ऐकू नका, हा खोटं बोलतोय, हे माझे खरे आजोबा आहेत आणि ही माझी खरी मावशी आहे." झालं. जोनबाईंना हुंदका फुटला. डेन्मार्कने टाळ्या वाजवल्या. कोरियातल्या एका मुलाने सगळं मोबाइलवर घेतलं आणि हात वर करून विचारलं, पुन्हा एकदा म्हणाल का, मघाशी डोकं मध्ये आलं.

मी मावशीकडे वळले. "बोल ना. काल होती पुण्यतिथी?"

"होती."

"परवा?"

"होती."

"आज?"

"आज खरी आहे."

आमच्याकडे भिंतीवर रोज पान फाडायचं कॅलेंडर असतं. वर मोठा आकडा इंग्रजी तारखेचा, खाली बारीक अक्षरांत चंद्राची तिथी. मावशीने नुसती हनुवटीने त्या भिंतीकडे खूण केली. तिसरा महिना, बारावी तिथी. हिएपने तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मिटलं. सकाळपासून पहिल्यांदा त्याने भाषांतर केलं नाही.

मला तिथी आठवत नव्हती. नॉर्वेतल्या मासेमारी गावांचे सण मला महिन्यावार पाठ आहेत. ही एक तिथी नाही.

मी उठून मागच्या दारात गेले आणि आईला सायगॉनला फोन लावला. म्हटलं, हिला तरी राग येईल. "आई, तुझी बहीण इथे काय करतेय माहितेय? आजोबांच्या नावाने रोज..." सगळं सांगितलं एका दमात. मग आई म्हणाली, "थांब. आज तिथी कितवी?" मी सांगितली. मग ती एकदम बारीक आवाजात म्हणाली, "अगं, मी आज ऑफिसात आहे."

मावशी मागे उभी होती. मला वाटलं आता रडेल, पण ती हात पुसत होती. म्हणाली, "चार वर्षांपूर्वी मी तीस माणसांचं शिजवलं. डुकराचं मटण, अंडी घालून, शहाळ्याच्या पाण्यात. कारल्याचं सूप. चिकट भात. आले किती? शेजारचा म्हातारा आणि वीज मीटर बघायला आलेला माणूस. तोही बसला नाही, पुढे घरं होती म्हणाला. मग हा हिएप होडी घेऊन घाटाला आला. त्याच्या एका गोऱ्या बाईला संडासाला जायचं होतं. मी म्हटलं जा, पण जाताना जेवून जा. अगं, अकरा जणांनी पातेली पुसून खाल्ली. प्रत्येकाने उदबत्ती लावली. एकीने विचारलं, आजोबांचं नाव काय. तुमच्यापैकी कोणी विचारलं होतं कधी?"

"पण रोज, मावशी?"

"आजोबांनी जन्मभर होडी चालवली. अनोळखी माणसं या काठाची त्या काठाला नेली. होडीतून उतरलेल्या माणसाला जेवू घातलं तर ते रागावतील असं तुला तिकडे शिकवलं का?"

चार वर्षांत एका प्राध्यापकाने मला हा प्रश्न विचारला असेल तर शपथ.

आत उदबत्ती संपत आली होती. राखेचा वाकडा हूक झाला होता आणि सगळे तसेच बसले होते. जोनबाई हात जोडून. डेन्मार्क मांडी घालून, पायाला मुंग्या आल्यात हे चेहऱ्यावर स्पष्ट. कोणी पानाला हात लावला नव्हता. मी जाऊन एक उदबत्ती लावली, तीनदा वाकले. माझ्यामागे जोनबाईही वाकल्या, हिएपला नाव विचारलं आणि हळूच फोटोला म्हणाल्या, "मिस्टर थान." उच्चार इतका चुकीचा की आजोबा वळून बघणार नाहीत. तरी मला रडू आलं. आणि परत टाळ्या पडल्या. होडी सव्वाला नाही, दोनला सुटली. त्यात मी नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला मी अंगणात, मांडीवर बेचाळीस पानं. पहिल्या पानावर तो नियम, ठळक. कचेरीत जाणारी बस पाव तासाने. ती पानं साहेबांच्या टेबलावर गेली की या चुलीवर उद्यापासून एका माणसाचा भात शिजणार, एवढं मला कळत होतं. तेवढ्यात मावशीच्या फोनवर हिएप. "ताई आहे का? तिला तिथेच असू द्या. अहो, कालच्या सगळ्यांनी इंटरनेटवर पाच चांदण्या दिल्यात. सगळ्यांनी एकच लिहिलंय, परत आलेली नात जरूर बघा. आज अठरा जण आहेत, गाडीत बसल्यापासून विचारतायत. आणि मावशी, उदबत्ती मात्र छोटी."

मावशीने फोन ठेवला. पातेल्यात तांदूळ टाकताना हात थांबवून विचारलं, "तुझं धरू का?"

मी कचेरीत फोन केला. साहेबांना सांगितलं, आराखड्याला वेळ लागेल, प्रत्यक्ष गावात राहून अभ्यास करावा लागतोय. ते म्हणाले, "किती दिवस?" मी म्हटलं, "सांगता येत नाही." मग नियम एकचं पान काढलं, चुलीत घातलं, वहीचा उपयोग नव्हता म्हणून वहीही घातली, आणि साडेअकराला घाटावर इंजिनाचा आवाज आला तेव्हा माझी नॉर्वेची बॅग उचलून केळीच्या मागे जाऊन उभी राहिले.

तेव्हापासून रोज साडेअकराला मी परदेशातून परत येते. सोमवारी सुट्टी. मावशी म्हणते, सहा वर्षांत एकदाही न येणाऱ्या नातीपेक्षा आठवड्यातून सहा वेळा येणारी कितीतरी बरी.