मिठाचं उत्तर

मावशी : माझ्याकडं नको बघूस. झाडूकडं बघून बोल.

भिंगरी : झाडूकडे?

मावशी : झाडू म्हणजे विभागप्रमुख. उंच, बारीक, केस उभे. ती उपडी बादली म्हणजे बाई; बोलणं लोण्याचं, नजर सुईची. आणि हा पाण्याचा जग म्हणजे तिसरे सर. ते विचारत काही नाहीत, नुसते लिहितात. तिघांना नमस्कार झाला?

भिंगरी : जगालासुद्धा?

मावशी : जगाला आधी. लिहिणाऱ्याला कुणी नमस्कार करत नाही, म्हणून तो बरोबर लक्षात ठेवतो.

भिंगरी : मावशी, आज माझी मुलाखत आहे आणि तुला थट्टा सुचते.

मावशी : थट्टा नाही गं. बावीस वर्षं यांच्या दाराशी स्टुलावर बसलेय मी. पंखा नीट चालत नाही म्हणून मुलाखतीच्या दिवशी दार अर्धं उघडं ठेवतात. झाडूसर माझ्याआधीपासूनचे, बादलीबाईंना बारा वर्षं झाली. आत कोण काय बोललं, कुणाची बोबडी वळली, सगळं या कानांनी ऐकलंय. सरळ बस. लहानपणी घटकाभर एका जागी ठरायची नाहीस म्हणून भिंगरी नाव ठेवलं तुझं, आणि आता बघ, खुर्चीला खिळे ठोकल्यासारखी.

भिंगरी : ही खुर्ची नाही, रद्दीचा गठ्ठा आहे.

मावशी : जिन्याखालच्या खोलीत सिंहासन कुठून आणू? दहाला दार उघडतं, अर्धा तास आहे हातात. चल. बादलीबाई विचारतात, 'रसायनशास्त्रच का?' बोल.

भिंगरी : मी आधी माझं सांगू का? एकदाच.

मावशी : सांग.

भिंगरी : आमच्या लाँड्रीत...

मावशी : झालं! पहिल्या पावलाला ठेच.

भिंगरी : ऐक तरी. परवा एक चादर आली, गंजाच्या डागाची. आईने घाईत ब्लीच ओतलं, तर डाग उलटा पक्का झाला. गंजाला ब्लीच चालत नाही, आंबट लागतं. रक्ताला गार पाणी लागतं. गरम लावलं की ते धाग्याला धरून बसतं. कापड तेच, बादली तीच, हात तेच. मग डागाने कुणाचं ऐकायचं आणि कुणाचं नाही, हे ठरवतं कोण? मला ना, ते...

मावशी : पुरे.

भिंगरी : वाईट आहे?

मावशी : वाईट नाही गं. पण माझ्या बाकावर कोण कोण येऊन बसतं, माहितेय? पांढऱ्या बुटांतली मुलं. बूट असे, की जमिनीला कधी टेकलेत की नाही अशी शंका यावी. त्यांच्यानंतर तू आत जाणार आणि सांगणार, मी लोकांचे डाग काढते? घरचं धुणं घरी. गेल्या वर्षी हेच झालं ना?

भिंगरी : गेल्या वर्षी मी काहीच बोलले नाही.

मावशी : तेच म्हणते. लाँड्री जिभेवर आली आणि तिथंच अडकली. मी बाहेर कान लावून बसलेली, आणि आतून नुसता पंखा ऐकू येतोय. माझ्या काळजाचं पाणी झालं त्या दिवशी. यंदा दिलंय ना तुला उत्तर? ते म्हण.

भिंगरी : 'मीठ पाण्यात टाकलं की दिसेनासं होतं, पण नाहीसं होत नाही. दिसेनासं झालेलं कुठे जाऊन बसतं, ते शोधायला मला रसायनशास्त्र शिकायचंय.'

मावशी : पळतेस कशाला? मागं कुत्रं लागलंय? 'दिसेनासं होतं' म्हणायचं आणि थांबायचं. पाळण्याला झोका दिला की तो परत येईस्तोवर हात थांबतो ना, तेवढं. मग पुढचं.

भिंगरी : कुणाचं आहे हे उत्तर?

मावशी : होती एक मुलगी. अकरा वर्षं झाली. चपलेचा अंगठा दोऱ्यानं बांधलेला, मला अजून दिसतो. तिनं हे म्हटलं आणि झाडूसरांचं पेन थांबलं. कागदावरच थांबलं, शाईचा ठिपका मोठा होईस्तोवर. निवड झाली तिची. पुढं तीन वर्षं माझ्यासमोरून जायची, येता-जाता 'बरंय ना, मावशी?' म्हणायची. सोन्यासारखं उत्तर आहे ते.

भिंगरी : आणखी कुणाला सांगितलंस?

मावशी : कुणाला सांगणार! एखादी रडत बसते बाकावर, हातपाय गार पडलेले, तिच्या कानात घातलंही असेल. तहानलेल्याला पाणी द्यावं तसं. तू नको त्यात डोकं घालूस.

भिंगरी : आणि नाही झालं तर?

मावशी : शुभ बोल रे नाऱ्या!

भिंगरी : या मुलाखतीला दोनदाच बसता येतं, मावशी. ही दुसरी वेळ. निवड झाली तर वसतिगृह आहे, महिन्याला विद्यावेतन आहे, आईला घरी बसवता येईल. नाही झाली, तरी तिला घरी बसवावंच लागणार. वाफेपुढे उभं राहिलं की धाप लागते तिला. लाँड्रीचा मालक म्हणाला, सोमवारपर्यंत तुमची जागा धरून ठेवतो, मग पोरीला पाठवा. सकाळी सात वाजता. आणि एकदा त्या इस्त्रीपुढे उभं राहिलं की...

मावशी : म्हणूनच सांगते. बाह्या खाली कर. मनगटावरचे पांढरे चट्टे दिसतात.

भिंगरी : ब्लीचचे आहेत, जात नाहीत.

मावशी : कुणी विचारलंच तर स्वयंपाक करताना भाजलं म्हणायचं. आणि एक लक्षात ठेव, बाहेर मी तुझी कुणी नाही. कुणाला कळलं तर वशिल्याची म्हणतील. मी नंबर पुकारीन, तू आत जाशील. तेवढंच.

भिंगरी : तुला तर सगळेच मावशी म्हणतात. मी म्हटलं तर कुणाला कळणार?

मावशी : तू म्हटलंस की मला कळतं. नको म्हणूस.

भिंगरी : बरं.

मावशी : घंटा दोनदा वाजली की पुढचा नंबर. एकदा वाजली तर ती पाण्याची. आत कुणाचा घसा सुकला, कुणाला रडू फुटलं, की एकदा वाजवतात. मग मीच येणार ग्लास घेऊन. तेव्हाही माझ्या तोंडाकडं बघायचं नाही.

भिंगरी : हात बघेन.

मावशी : हात बघ. ऊठ आता. डोळे समोर, पाय जमिनीवर, जीव थाऱ्यावर. आणि जाताना जगाला नमस्कार कर.

(दुपार झाली. लांब व्हरांड्यात बाकावर चार-पाच मुलं उरली होती. मावशीनं भिंगरीचा सतरा नंबर पुकारला, तो इतरांसारखाच, ना हळू ना मोठा. थोड्या वेळानं घंटा वाजली. एकदा. मावशी पाण्याचा ग्लास घेऊन आत गेली. बाहेर आली तेव्हा तिचा पदर ओला होता, तिच्याच हातून सांडलेल्या पाण्यानं. मग घंटा दोनदा वाजली.)

मावशी : अठरा नंबर! जा बाळा, दार ढकल, जड आहे ते. ...आणि तू बस इथं. या टोकाला.

भिंगरी : मी तुझी कुणी नाही ना?

मावशी : बस म्हणते ना.

भिंगरी : पाणी नाही प्यायले मी.

मावशी : बघितलं.

भिंगरी : घंटा वाजायच्या आधी झाडूसर बोलत होते. ऐकलंस?

मावशी : पंख्याचा आवाज फार आहे आत.

भिंगरी : मावशी.

मावशी : ...ऐकलं. शेवटचं ऐकलं.

भिंगरी : मग सगळंच ऐक. मी म्हटलं, 'मीठ पाण्यात टाकलं की दिसेनासं होतं.' आणि थांबले, तू सांगितलंस तेवढीच. झोका परत यायच्या आत सरांनीच पुढचं म्हटलं. 'पण नाहीसं होत नाही.' मग शेवटपर्यंत म्हटलं. चिडून नाही. दमल्यासारखं. बाई म्हणाल्या, 'आज सकाळपासूनची ही दुसरी.'

मावशी : दुसरी?

भिंगरी : नऊ नंबर. हिरव्या दप्तराची. तुझ्या स्टुलाला टेकून रडत होती ना?

मावशी : तिचे हात बर्फ झाले होते गं.

भिंगरी : आज? आजसुद्धा सांगितलंस?

मावशी : सकाळपासून मनात तूच होतीस. तिला बघितलं आणि वाटलं, तूच रडतेयस. तोंडातून निघून गेलं.

भिंगरी : किती जणांना सांगितलंस आजवर? खरं सांग.

मावशी : वर्षाला तीन. चार. रडणाऱ्यांत मुलगे काय आणि मुली काय, सगळे सारखेच.

भिंगरी : अकरा वर्षं.

मावशी : मला वाटायचं, आज एकाला पाण्यातून वर काढलं. आतून मीठ ऐकू आलं की पुढचं ऐकायची गरजच वाटायची नाही. यादी त्या पलीकडच्या इमारतीत लागते. मी कधी बघायला गेले नाही. दिलं म्हणजे कामाला आलं असेल, असं धरून चालले.

भिंगरी : कामाला आलं असतं तर ती मुलं दिसली असती ना इथून जाताना? त्या पहिल्या मुलीसारखी?

मावशी : ...एवढी गर्दी असते. माझे डोळे तरी कुठं पहिल्यासारखे राहिलेत.

भिंगरी : बाईंनी वेळ दिला मला. म्हणाल्या, 'हे राहू दे, बाळ. तुझं काहीतरी सांग.'

मावशी : मग?

भिंगरी : गंजाची चादर डोळ्यांसमोर आली. वासासकट आली. तोंड उघडलं, तर मीठच. दुसरं काही येईचना. महिनाभर तेच घोकत होते ना, भांडी घासताना, इस्त्री करताना. तेव्हा त्यांनी घंटा वाजवली.

मावशी : आणि मी आले.

भिंगरी : तुझ्या हाताकडे बघितलं. निम्मं पाणी तुझ्याच पदरावर सांडलं.

मावशी : जळो तो हात.

भिंगरी : तू गेल्यावर बाईंना माझं मनगट दिसलं. म्हणाल्या, 'हे चट्टे कशाचे?' अगदी मायेने विचारलं. खुर्ची पुढे ओढून.

मावशी : सांगितलंस ना? पोरी, तेव्हा तरी सांगितलंस ना?

भिंगरी : 'स्वयंपाक करताना भाजलं.'

मावशी : देवा.

भिंगरी : जगसरांनी काहीतरी लिहिलं. लहानसंच. एकच शब्द असेल. आणि घंटा दोनदा वाजली.

मावशी : मी आत जाते. हात जोडते बाईंना. सांगते, उत्तर माझं होतं, चट्ट्यांचंसुद्धा माझंच. पोरीचं काही नव्हतं त्यात.

भिंगरी : तेच तर झालं. पोरीचं काही नव्हतं त्यात.

मावशी : असं नको गं बोलूस.

भिंगरी : आणि काय सांगशील? बावीस वर्षं दाराला कान लावून बसते म्हणून? तुझं स्टूल जाईल. मग सोमवारपासून मला दोघींच्या वाटचं उभं राहावं लागेल.

मावशी : दे मला चार शिव्या. जीव हलका होईल.

भिंगरी : कुणाचा? आणि रडू नकोस. बाकावरचे बघतायत. आधीच घाबरलेत ते.

मावशी : तुझ्या आईला मी सांगते संध्याकाळी.

भिंगरी : नको. तिला काय सांगायचं ते माझं मी ठरवते. निदान तेवढं तरी. जाते मी. ती चादर अजून भिजतेय.

मावशी : खाऊन तरी जा काहीतरी. डब्यात आहे माझ्या.

भिंगरी : भूक नाही.

मावशी : बाह्या वर केल्यास?

भिंगरी : उकडतंय.

मावशी : भिंगरे...

भिंगरी : येते, मावशी.

मावशी : ये हं. सावकाश उतर, जिना ओला आहे.

एकोणीस नंबर : इथे बसू का? आता माझाच नंबर आहे.

मावशी : बस, बस. पुस आधी ते, पाणी सांडलंय.

एकोणीस नंबर : तुम्हीच ना त्या मावशी?

मावशी : कोणत्या?

एकोणीस नंबर : माझी ताई आली होती गेल्या वर्षी. ती म्हणाली, भीती वाटली तर दाराशी मावशी बसतात, त्यांना विचार. त्या एक उत्तर देतात. मिठाचं. नीट कसं ते तिला आता आठवत नाही.

मावशी : झाली का तिची निवड?

एकोणीस नंबर : नाही. पण म्हणाली, मावशी फार चांगल्या आहेत.

मावशी : ...हात बघू. केवढे गार पडलेत गं.

एकोणीस नंबर : सांगा ना पटकन. घंटा वाजेल आता.

मावशी : मला काही ठाऊक नाही, बाळा. मी नुसतं दार उघडते आणि लावते.