एका पेटीतले दोघे

सुशीलाबाई मांजरीला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात बसल्या होत्या. शेजारी एक तरुण जोडपं होतं, दोघांच्याही गळ्यात कंपनीची कार्डं. मुलीच्या मांडीवर भोकं पाडलेला डबा आणि त्यात झाडावरचा एक हिरवा बेडूक. दुसऱ्यांचं बोलणं ऐकू नये, हे सुशीलाबाईंना मान्य होतं. पण ते दोघं हळू बोलत नव्हते.

"पोट अजून फुगलेलंच आहे, प्रज्ञेश."

"गॅस असेल."

"काल पेटीत दोन बेडूक होते. आज एक आहे. त्याला गॅस नाही म्हणत."

"दुकानदार म्हणाला होता, जाती वेगळ्या असल्या तरी पिल्लं आहेत, एकत्र ठेवा, सवय होईल."

"झाली ना तुझ्याला सवय! माझा याच्या निम्मा होता, हे मी आणला त्याच दिवशी सांगितलं होतं."

"दुसऱ्या पेटीला घरात जागा कुठे होती?"

"तुझ्या गिटारी आहेत तिथे."

"पूर्वा, त्याने मुद्दाम नाही केलं. तोंडात मावला, म्हणून गिळला."

"आणि आता पचत नाहीये. माझ्याच्या कातडीत विष असतं."

"म्हणजे हा मरेल?"

पूर्वाने पर्समधून छोटी बाटली काढली आणि बेडकावर पाण्याचा फवारा मारला.

"मेला तर तुला बरंच वाटेल," प्रज्ञेश म्हणाला.

"मूर्खासारखं बोलू नकोस. झाकण धर."

सुशीलाबाईंनी मांजरीची टोपली उचलून पलीकडच्या बाजूला ठेवली.

आतून हाक आली, "बेडूक कोणाचा?"

"याचा," पूर्वा डबा घेऊन उठत म्हणाली. "पण धरणार मी. हा फार दाबतो."