एकतिसावी टेप

(समुद्राकडे तोंड करून उभी केलेली जुनी मोटार. पुढच्या सीटांवर दोन म्हातारे, मांडीवर कागदात चिप्स. दुपार. काचेवर पाऊस.)

तेगिद: थांब, पुन्हा सांग. वेल्श माणसासारखं बोलायला शिकवायला सिनेमावाल्यांनी बाई नेमलीय? तुला?

इदवाल: मला.

तेगिद: म्हणजे इथे वेल्समध्येच जन्मलेल्या, आमच्या आळीतल्या खाणकामगार आलेडकाकांच्या इदवालला.

इदवाल: त्यांच्या कागदावर इदवाल कुठे आहे? नट एडगर हेस्टिंग्ज आहे. एडगर हेस्टिंग्जने दोन राजे केले, नऊ बिशप केले, पोलीस अधिकारी किती ते आठवत नाही. वेल्श खाणकामगार कधी केला नाही. त्यामुळे त्यांना शंका आली, म्हाताऱ्याला जमेल का.

तेगिद: आणि बाई कुठली?

इदवाल: लंडनच्या दक्षिणेकडची. चांगली आहे. मनापासून शिकवते.

तेगिद: लेका, हे मला उद्याच्या कार्यक्रमात सांगू दे. तीस वर्षं तुझ्यावर पोट भरतोय, पण इतका तयार माल तू कधी हातात दिला नव्हतास.

इदवाल: सांग. ऐकणारं कोणी उरलंय का?

तेगिद: पहिली रांग गेली. दुसरी पुढे सरकली. तिसरीला ऐकू येत नाही, म्हणून तीही आता पुढे येऊन बसते. आणि माझा गुडघा असा झालाय की मी स्टेजच्या तीन पायऱ्या चढलो की तिथेच टाळ्या पडतात. विनोद नंतर. खा रे, गार होतील.

इदवाल: भूक नाही.

तेगिद: सहा तास गाडी हाकत आलास, न कळवता. घरी चल म्हटलं तर घर नको. तुझ्या मॅरवहिनीने वाटाण्याचं सूप ठेवलंय म्हटलं तर मॅर नको. आणि आता भूक नाही. डॉक्टर काही बोलला का?

इदवाल: डॉक्टरांचं काही नाही. सोमवारी शूटिंग सुरू होतंय. जावं की नाही ते ठरत नाही.

तेगिद: का? त्या बाईमुळे?

इदवाल: तिने बिचारीने काय केलं? तिने कुठल्याशा संग्रहालयातून जुन्या टेप मिळवल्या. आपल्याच खोऱ्यातले, पाटीच्या दगडाच्या खाणीतले कामगार, चव्वेचाळीस वर्षांपूर्वी कोणीतरी घरोघर जाऊन बोलतं केलेले. मला म्हणाली, वेल्श शब्द मला कळत नाहीत, पण तुम्ही नुसती चाल पकडा. रोज दोन-तीन ऐकवायची. मंगळवारी एकतिसावी लावली. म्हणाली, ही माझी सगळ्यात आवडती. या माणसाची लय ऐका, दर तीन शब्दांनी थांबतो, मग पुढे जातो, पाण्यातून चालल्यासारखा. तुमच्याकडची हीच खरी लय असणार. असंच बोला.

तेगिद: हं.

इदवाल: मी बोललो. ती म्हणाली, नाही, तुम्ही भराभर बोलताय, तो थांबतो तिथे थांबा. परत बोललो. परत चुकलं. तिसऱ्यांदा जमलं, तेव्हा खूश झाली. लय कसली, तेगिद. छातीत चाळीस वर्षांची धूळ होती. तीन शब्दांपुरताच श्वास पुरत होता त्यांना.

तेगिद: आलेडकाका.

इदवाल: बाबा. टेपवर नाव नाही, नुसता आकडा. पण पहिल्या वाक्याला ओळखलं मी. आणि दुसऱ्या वाक्याला, प्रश्न विचारणाऱ्यालाही.

तेगिद: इदवाल...

इदवाल: त्या वयातही नाकातच बोलायचास.

तेगिद: त्याच नाकाने घर चालवलं माझं.

इदवाल: आत्ता नको.

तेगिद: बरं. राहिलं. दोन उन्हाळे केलं ते काम. बँकेतून काढून टाकलं होतं मला, विनोद सांगून पैसे मिळतात हे अजून कळलं नव्हतं. संग्रहालयवाल्यांनी एक टेपरेकॉर्डर दिला, सायकलवर मागे बांधून फिरायचो. जे म्हातारे अजून बोलू शकत होते, त्यांच्याकडे.

इदवाल: मला कधी बोलला नाहीस.

तेगिद: नाही बोललो.

इदवाल: टेपमध्ये तू त्यांना खाणीबद्दल विचारतोस. मेणबत्त्या स्वतःच्या पैशाने आणाव्या लागत, ते सांगतात. आजोबांचं बोट गेलं ते सांगतात. मग तू विचारतोस, मुलं किती? ते म्हणतात, एकच. तू विचारतोस, काय करतो? आणि तिथे खट् असा आवाज होतो. मशीन बंद. पुन्हा खट् होतं तेव्हा ते दगड कसा फोडायचा ते सांगत असतात. मुलाचं नाव नाही. मी ती जागा पंचवीसदा ऐकली. बाई म्हणाली, तिथे काही नाहीये, पुढे चला. त्या दोन आवाजांच्या मधे काय झालं, ते विचारायला सहा तास गाडी हाकली मी.

तेगिद: इतक्या वर्षांपूर्वीचं कुठे आठवतंय.

इदवाल: तुझा स्टेजवरचा चेहरा मला माहीत आहे. आणि हाही.

तेगिद: समजा आठवलं. काय करणार आहेस ऐकून? सोमवारी खाणकामगार करायचाय ना, कर. बक्षीस देतील. या वयात देतातच.

इदवाल: ऐक. त्या वर्षी मी नाव बदललं. एजंट म्हणाला, इदवाल कोणाच्या तोंडात बसत नाही. मी बाबांना पत्र लिहून कळवलं. चार पानं. खूप कारणं दिली होती. उत्तर आलं नाही. फोन केला की आई घ्यायची, म्हणायची बाहेर गेलेत. तीन शब्दांना दम लागणारा माणूस बाहेर कुठे जाणार? पुढच्या हिवाळ्यात ते गेले. मी तेव्हाच मनाशी धरलं की ते मला टाकून गेले. ते धरून चाळीसेक वर्षं काम केलं. चाललं. सवय होते. पण आता त्यांच्याच आवाजात बोलून मी पैसे घ्यायचे आणि मधे ते काय म्हणाले ते मला ठाऊक नाही, हे नाही जमायचं. शिवी दिली असेल तर शिवी सांग.

तेगिद: शिवी नाही दिली.

इदवाल: मग?

तेगिद: घड्याळ बघितलं त्यांनी. म्हणाले, तुझं हे यंत्र बंद कर, तीन वाजले. रेडिओवर नाटक होतं तुझं. इंग्रजी. तुझं पहिलंच असेल.

इदवाल: दुसरं.

तेगिद: तुझ्या आईने जुना रेडिओ आधीच लावून गरम करून ठेवला होता. मला चहा दिला. काका खुर्ची ओढून अगदी जवळ बसले, कान त्या जाळीला लावून. नाटक सुरू झालं. पुरुषांची चार-पाच कामं होती. थोड्या वेळाने त्यांनी मला हळूच विचारलं, यातला आपला कुठला?

इदवाल: काय?

तेगिद: ओळखता येईना त्यांना. तू इतकं गुळगुळीत करून टाकलं होतंस सगळं. मलाही येईना, खरं सांगतो. शाळेत शेजारी बसलो तुझ्या, आणि मलाही येईना. आता मी काय सांगू त्यांना? मी म्हटलं, हा, आत्ता बोलतोय ना, तो. मग दुसरा कोणी बोलायला लागला. त्यांनी परत माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हाही तोच. आवाज बदलून करतो. मग तिसरा. मी मान हलवत राहिलो. शेवटी ते म्हणाले, पोरावर फार काम टाकतात रे तिकडे.

इदवाल: हे मला का नाही सांगितलंस?

तेगिद: म्हणून नाही सांगितलं. सांगणार कसं? तुझ्या वडिलांना तुझा आवाज सापडला नाही, हे सांगू? की मी त्यांना फसवलं, हे? तू एकेका कामात वर चाललेला. नंतर ते गेले. नंतर वर्षं गेली. मग सांगण्यात काय राहिलं?

इदवाल: मी पाद्री होतो त्यात. बाराव्या मिनिटाला बुडून मरतो.

तेगिद: बारा?

इदवाल: पुढचा तासभर मी नव्हतोच.

तेगिद: ते मात्र होते. शेवटपर्यंत. आईने मधे विचारलं, पडता का जरा. हाताने गप्प केलं तिला.

इदवाल: कळलं काय असेल त्यांना? इंग्रजी दुकानापुरतंच यायचं.

तेगिद: गोष्ट नाही कळली. मला विचारलंही नाही. पण नाटक संपलं तरी रेडिओ बंद करू देईनात. शेवटी नावं वाचतात ना, कोणी कुठलं काम केलं ती. त्यांनी खिशातून तुझं पत्र काढलं. घड्यांवर फाटायला आलेलं. त्यात तुझ्या नव्या नावाखाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवली होती, म्हणजे ऐकलं की कळावं. बोट त्या रेघेवर धरून बसले. बरीच नावं गेली. मग तुझं आलं. एडगर हेस्टिंग्ज.

इदवाल: आणि?

तेगिद: पत्राकडे बघितलं, बरोबर आहे ना म्हणून. मग मला म्हणाले, हं, आता लाव तुझं यंत्र. आणि दगड कसा फोडायचा ते सांगायला लागले.

इदवाल: तुझा रुमाल दे.

तेगिद: चिप्सचे हात पुसलेत त्याला.

इदवाल: चालेल.

तेगिद: रागावलायस?

इदवाल: हो. पण आज त्राण नाही. उन्हाळ्यात येईन, तेव्हा भांडू.

तेगिद: उद्या तुझं नाव नाही घेत मी कार्यक्रमात.

इदवाल: घे रे. नाही घेतलंस तर लोक समजतील मी गेलो.

तेगिद: आणि सोमवार?

इदवाल: जाईन. बसेन त्या बाईसमोर. टेप लावायच्या आधी सांगेन तिला, हे माझे वडील आहेत.